तीन फरशांचे वाचन
संत फिलोमिना : आख्यायिका आणि तिची चिकित्सा

माझ्या एका मावशीचे नाव फिलोमिना. तिच्या पिढीत हे नाव आपल्या वसईत घरोघरी होते. आज शाळेत जाणाऱ्या मुलींत ते क्वचितच ऐकू येते. मावशीच्या उशाशी एक जुने चित्र असे. मस्तकावर फुलांचा मुकुट, एका हातात ताडाची फांदी, पायाशी नांगर आणि बाण, आणि चेहऱ्यावर कसलीही वेदना नसलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी. ११ ऑगस्टला ती या चित्रापुढे मेणबत्ती लावी. पुढे कधीतरी कुणीतरी तिला सांगितले, की तुमच्या या संताचे नाव आता यादीत नाही. तिने फारसा विरोध केला नाही. मात्र मी चार पुस्तके वाचतो हे ठाऊक असल्याने तिने मला गाठून विचारले, "यादीतून काढली म्हणजे ती होती का नव्हती?"

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. 'होती' म्हणावे तर अभ्यासाशी प्रतारणा, 'नव्हती' म्हणावे तर एका म्हातारीच्या आयुष्यभराच्या सोबतीवर पाणी ओतल्यासारखे. नंतर जे वाचन झाले, त्यातून एक गोष्ट ध्यानी आली. संत फिलोमिनेच्या बाबतीत आपण ज्याला 'चरित्र' म्हणतो, ते चरित्र नसून एका अगदी छोट्या मजकुराचे वाचन आहे. तो मजकूर तीन फरशांवर मावतो. म्हणून हा प्रश्न जितका इतिहासाचा आहे, तितकाच तो वाङ्मयाचा, म्हणजे वाचनाचा आहे, आणि त्याच बाजूने तो येथे पाहावयाचा आहे.

रोममधील सालारिया मार्गावर प्रिसिल्लाची भूमिगत दफनभूमी आहे. २४ मे १८०२ रोजी तेथे खोदकाम करणाऱ्यांना भिंतीत आडवे कोरलेले एक थडगे आढळले आणि दुसऱ्या दिवशी ते रीतसर उघडण्यात आले. थडग्याचे तोंड भाजलेल्या मातीच्या तीन फरशांनी बंद केलेले होते. फरशांवर तांबड्या रंगाने अक्षरे रंगवलेली होती. पहिल्या फरशीवर 'लुमेना', दुसरीवर 'पाक्स ते', तिसरीवर 'कुम फि'. अक्षरांच्या आसपास दोन नांगर, तीन बाण, ताडाची एक फांदी आणि एक पान अशी चिन्हे होती. आत अल्पवयीन मुलीच्या अस्थी होत्या आणि थडग्यापाशी एका काचेच्या कुपीचे तुकडे.

'लुमेना पाक्स ते कुम फि' या ओळीला काही अर्थ होत नाही. पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली, की मात्र लॅटिन वाचता येणाऱ्या कुणालाही ती समजते : 'पाक्स तेकुम, फिलुमेना.' फिलुमेना, तुझ्याबरोबर शांती असो. प्राचीन ख्रिस्ती थडग्यांवर असे शब्द असतात. त्यांत जन्म नाही, मृत्यूची तिथी नाही, वडिलांचे नाव नाही. महत्त्वाची बाब ही, की त्यांत 'मार्तिर' हा शब्दही नाही. तीनच शब्दांचा, आणि तोही चुकीच्या क्रमाने लावलेला, असा हा मजकूर. पुढच्या साऱ्या इमारतीचा पाया एवढाच आहे.

अस्थी तीन वर्षे रोममध्येच पडून होत्या. १८०५ साली नेपल्सजवळच्या मुन्यानो देल कार्दिनाले या गावचे धर्मगुरू फ्रान्चेस्को दे लुचिया हे आपल्या ओळखीच्या एका नूतन बिशपांबरोबर रोमला आले. आपल्या गावच्या चर्चसाठी एखाद्या रक्तसाक्षीचे अवशेष मिळावेत ही त्यांची इच्छा होती. तो काळ ध्यानात घ्यायला हवा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत युरोपातील कित्येक चर्चमधील अवशेष नष्ट झाले होते आणि रोमच्या दफनभूमीतून निघणाऱ्या अस्थींना ठिकठिकाणाहून मागणी होती. त्यांतील बहुतेक अस्थी बिननावाच्या असत आणि त्यांना मागाहून एखादे नाव दिले जाई. थडग्यावरच नाव असलेल्या अस्थी मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती. दे लुचियांना हव्या होत्या त्या अशा नाव असलेल्या, आणि बऱ्याच खटपटीनंतर त्या त्यांना मिळाल्या. नेपल्समध्ये कागदाच्या लगद्याची एक मूर्ती करून, तिला वस्त्रे नेसवून, अस्थी तिच्यात ठेवण्यात आल्या. १० ऑगस्ट १८०५ रोजी ही मूर्ती मुन्यानोला पोहोचली. तीन फरशा मात्र रोममध्येच राहिल्या होत्या. पोप लिओ बारावे यांनी त्या १८२७ मध्ये मुन्यानोला दिल्या.

मूर्ती आली, चमत्कार घडू लागले, माणसे लोटू लागली. मग साहजिक प्रश्न आला : ही कोण? तिचे काय झाले? लोकांना नावापुरता संत पुरत नाही, त्यांना गोष्ट हवी असते. यात हसण्यासारखे काही नाही. आपणही ज्याच्यावर प्रेम करतो, त्याच्याविषयी आधी गोष्टच विचारतो.

दे लुचिया यांनी अवशेषांच्या स्थलांतराचा जो वृत्तांत छापला, त्यात ही गोष्ट फरशांवरच्या चिन्हांतून उलगडण्याचा प्रयत्न आहे. पण ती पूर्णपणे आकाराला आली ती १८३३ मध्ये. नेपल्समधील डॉमिनिकन तृतीय संघाच्या सिस्टर मारिया लुईसा दि जेजू यांना प्रार्थनेत ती प्रत्यक्ष संतमुखातून ऐकू आली असे सांगितले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती छापण्यास रोमहून परवानगी मिळाली. येथे एक खुलासा केलाच पाहिजे. अशी परवानगी म्हणजे मजकुरात श्रद्धेला बाधक असे काही नाही एवढीच हमी. त्यात सांगितलेल्या घटना घडल्या, असा निर्वाळा नव्हे. आपल्याकडील प्रार्थनापुस्तकांच्या प्रस्तावनांत हा फरक फार वेळा पुसला जातो.

गोष्ट अशी. फिलोमिना ही ग्रीसमधील एका राजाची मुलगी. राजाराणीला मूल नव्हते. एका ख्रिस्ती वैद्याच्या सांगण्यावरून त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि ही कन्या झाली. जन्मतः तिचे नाव 'लुमेना', म्हणजे प्रकाश, आणि स्नानसंस्काराच्या वेळी 'फिलुमेना', म्हणजे प्रकाशाची कन्या. अकराव्या वर्षी तिने आपले कौमार्य प्रभूला अर्पण केले. तेराव्या वर्षी डायोक्लेशन बादशहाने तिच्या पित्यावर युद्धाची धमकी दिली, म्हणून तिघे रोमला आले. बादशहा मुलीवर भाळला आणि त्याने तिला मागणी घातली. तिने नकार दिला. सदतीस दिवस कैद, तेथे देवमातेचे दर्शन, फटके, गळ्यात नांगर अडकवून टायबर नदीत ढकलणे, देवदूतांनी तो दोर तोडणे, बाणांचा वर्षाव, ते बाण परत फिरून मारणाऱ्यांनाच लागणे, आणि अखेरीस शुक्रवारी दुपारी तीन वाजता शिरच्छेद. दिवस १० ऑगस्ट.

ही गोष्ट शेजारी फरशा ठेवून वाचावी. नांगर फरशीवर आहे, म्हणून गोष्टीत नदी आली. बाण फरशीवर आहेत, म्हणून धनुर्धारी आले. ताडाची फांदी आहे, म्हणून विजयी मरण आले. अस्थी बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मानल्या गेल्या, म्हणून नायिका तेरा वर्षांची. मूर्ती मुन्यानोला आली तो दिवस १० ऑगस्ट, म्हणून तिच्या स्वर्गारोहणाचा दिवसही तोच. कथेतील एकेक प्रसंग एकेका चिन्हातून फुटला आहे, आणि जेथे चिन्हे संपतात तेथे कथाही संपते. चित्रे दाखवून मुलाला 'आता यावरून गोष्ट सांग' म्हणावे, तशी ही रचना आहे. मी हे सिस्टर मारिया लुईसा यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी म्हणत नाही. जे आधीच ऐकलेले, पाहिलेले, मनात मुरलेले असते, तेच ध्यानात बोलू लागते. या सिस्टरना फरशांवरची चिन्हे आणि दे लुचियांचा वृत्तांत अपरिचित असणे शक्यच नव्हते.

चिन्हांचा मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. नांगर हे प्रिसिल्लाच्या दफनभूमीत जागोजागी आढळणारे चिन्ह आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, तोच हा नांगर. तो ज्या ज्या थडग्यावर आहे, त्यातील प्रत्येक माणूस काही नदीत बुडवलेला नव्हता. ताडाची फांदी हे ख्रिस्ती विजयाचे चिन्ह, आणि ते सामान्य भाविकांच्याही थडग्यांवर आहे. आयव्हीचे पान तर रोमन शिलालेखांत दोन शब्दांमधील विरामचिन्ह म्हणून सर्रास कोरले जाई. आपल्या जुन्या पोथ्यांत ओळीच्या शेवटी फूल काढतात, तसे. त्या फुलावरून पोथीच्या लेखकाच्या बागेचे वर्णन करावे, तसा काहीसा प्रकार येथे झाला आहे.

नावाची कथा तर याहून मौजेची. 'प्रकाशाची कन्या' हा अर्थ लॅटिनमधील 'फिलिया' आणि 'लुमेन' या दोन शब्दांवरून काढला आहे. नाव मात्र ग्रीक आहे. 'फिलुमेने' म्हणजे जिच्यावर प्रेम केले जाते ती, प्रिय. नावात प्रकाशाचा काही संबंध नाही. मग प्रकाश आला कोठून? माझ्या मते तो फरशीच्या कडेतून आला. रंगवणाऱ्याला एका फरशीवर जागा पुरली नाही. 'फि' तिसऱ्या फरशीवर राहिला आणि 'लुमेना' वेगळ्या फरशीवर गेले. ती फरशी चुकून सर्वांत पुढे बसली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिलाच शब्द 'लुमेना' आला, आणि लॅटिन जाणणाऱ्याला त्यात 'लुमेन' दिसणारच. जन्मतः लुमेना आणि स्नानसंस्कारानंतर फिलुमेना, ही नावाची वाढ कथेत ज्या क्रमाने आहे, तो क्रम फरशांचा आहे. एका कारागिराच्या हातून झालेली तुकड्यांची फाळणी एका संताच्या चरित्राचा पहिला अध्याय झाली.

इतिहासाच्या कसोटीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. डायोक्लेशनच्या काळी ग्रीसमध्ये राजा नव्हता, तो रोमन साम्राज्याचा प्रांत होता. बादशहा स्वतः रोममध्ये राहत नसे. त्याचे वास्तव्य पूर्वेकडील निकोमेडियात असे आणि आपल्या राज्यारोहणाचा विसावा वार्षिक सोहळा साजरा करण्यासाठी तो इ. स. ३०३ च्या हिवाळ्यात रोमला आला, तोही फार दिवस टिकला नाही. त्याला प्रिस्का नावाची पत्नी होती आणि व्हालेरिया नावाची विवाहित कन्या होती. तेरा वर्षांच्या परदेशी राजकन्येसाठी झुरणारा डायोक्लेशन हा इतिहासातला नाही, तो नाटकातला खलपुरुष आहे.

खरे वाङ्मयीन कुतूहल आहे ते या नाटकाचे प्रवेश कोठून उसने आले यात. तेरा वर्षांची, विवाह नाकारणारी रोमची कुमारिका म्हणजे संत अॅग्नेस. डायोक्लेशन आणि बाण म्हणजे संत सेबास्तियन. गळ्यात नांगर बांधून पाण्यात ढकललेला म्हणजे संत क्लेमेंट, फक्त तेथे समुद्र आहे. तुरुंगात जखमा भरून येणे हे संत अगाथाच्या चरित्रात आहे, तेथे संत पेत्र येतो. उलट फिरणारा बाण संत ख्रिस्तोफरच्या आख्यायिकेत राजाच्याच डोळ्यात घुसतो. बादशहाला नकार देणारी विदुषी म्हणजे अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. बोलांदिस्त पंथाचे येशूसंघीय अभ्यासक फादर इप्पोलित देलेए यांनी १९०५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की संतांच्या आख्यायिका अशाच एकमेकींच्या अंगावरचे दागिने घालून मिरवतात. त्यांनी त्यातच आणखी एक गोष्ट बजावली आहे आणि ती आपल्याकडचे उत्साही टीकाकार विसरतात : आख्यायिका खोटी ठरली म्हणून संत खोटा ठरत नाही. सेबास्तियनची कथा उशिराची आहे, पण सेबास्तियन होता. त्याच्या थडग्याचा पत्ता आणि सणाचा दिवस इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात नोंदलेला आहे. फिलोमिनेची अडचण हीच, की तिच्या मागे असे कोणतेच पंचांग नाही. रोमन हुतात्मापंजीत तिचे नाव कधीच नव्हते.

पण उसनवारी हा काही वाङ्मयातला गुन्हा नव्हे. उसन्या प्रसंगांतूनही जिवंत माणूस उभा करता येतो. तो येथे उभा राहतो का? मला या कथेतील एकच जागा खरी वाटते. बादशहाची मागणी आल्यावर आईबाप मुलीची मनधरणी करतात. स्वतःवर, आमच्यावर, आपल्या प्रजेवर दया कर, असे विनवतात. ज्या आईबापांनी तिला ख्रिस्त दाखवला, तेच आता तिला मागे खेचत आहेत. ही कल्पना खोल आहे. परंतु कथा तेथे थांबत नाही. मुलगी तयार उत्तर देते आणि पुढच्या पानावर निघून जाते. तिला बापाचे अश्रू दिसतात, पण ते तिला कुठेही लागत नाहीत.

याच जागेवर दुसरा एक मजकूर आठवतो आणि तुलना टाळता येत नाही. इ. स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे पेर्पेतुआ ही बावीस वर्षांची तरुणी श्वापदांपुढे टाकली गेली. तुरुंगातील दिवसांची तिने स्वतः लिहिलेली हकीकत उपलब्ध आहे. तिचे तान्हे मूल अंगावर पीत होते. तिचा बाप ख्रिस्ती नव्हता. तो पुन:पुन्हा येतो, रागावतो, मारायला धावतो, मग तिचे हात चुंबतो, पायावर लोळण घेतो, तिला 'मुली' न म्हणता 'बाईसाहेब' म्हणू लागतो. न्यायासनापुढे शिपाई त्याला छडी मारतात. पेर्पेतुआ लिहिते, की ती छडी जणू आपल्यालाच बसली, त्याच्या केविलवाण्या म्हातारपणाचे आपल्याला दुःख झाले. तरीही ती 'मी ख्रिस्ती आहे' एवढेच म्हणते. तेथे बाण परत फिरत नाहीत. रानगाय तिला शिंगांवर घेते, आणि शिकाऊ ग्लॅडिएटरचा हात कापतो तेव्हा ती स्वतःच त्याची तलवार आपल्या गळ्याकडे नेते. त्या हकिकतीत चमत्कार जवळजवळ नाहीतच, आहेत ती स्वप्ने. म्हणूनच ती वाचताना अंगावर काटा येतो.

फिलोमिनेची कथा वाचताना काटा येत नाही, कारण तिला काहीच दुखत नाही. प्रत्येक यातना तिला स्पर्श करण्याआधीच देवदूत येऊन ती पुसून टाकतात. रक्तसाक्षीपणाचे सारे वजन ज्या 'दुखण्या'त आहे, तेच काढून घेतल्यावर उरतो तो एक रंगीत तमाशा. शिवाय ही कथा प्रथमपुरुषी आहे, संत स्वतः बोलत आहे. अशा निवेदनात आपण आवाज शोधतो. येथे आवाज आहे तो एकोणिसाव्या शतकातील नेपल्सच्या मठाचा, सज्जन, भावविवश आणि थोडा गोडमिट्ट. भक्तीचे म्हणून त्याचे मोल असेल. वाङ्मय म्हणून हा मजकूर दुबळा आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

असे असूनही या कथेने, किंवा खरे तर या नावाने, काय घडवले हे पाहिले म्हणजे टीकाकाराने जीभ आवरावी. १८३५ साली फ्रान्समधील लिओनहून पॉलिन जारिको नावाची मरणोन्मुख स्त्री मुन्यानोला आणली गेली. ही तीच पॉलिन, जिच्या पुढाकाराने १८२२ मध्ये श्रद्धाप्रसार संघ स्थापन झाला. आठवड्याला एक पैसा गोळा करून मिशन देशांना मदत पाठवण्याची तिची योजना होती. त्या मदतीचा ओघ आपल्या देशातही पोहोचला. १० ऑगस्टच्या सणाला ती तेथे बरी झाली. पोप ग्रेगरी सोळावे यांनी तिला त्याआधी पाहिले होते. या घटनेनंतर १८३७ मध्ये त्यांनी फिलोमिनेच्या जाहीर उपासनेला मान्यता दिली. पॉलिनने आपल्याबरोबर आणलेल्या अवशेषांचा अंश आर्स गावचे धर्मगुरू जॉन मरी व्हियानी यांना दिला. पुढची कथा सर्वश्रुत आहे. आर्सला घडलेल्या प्रत्येक चमत्काराचे श्रेय ते आपल्या 'लाडक्या छोट्या संता'ला देत आणि स्वतः मागे सरत. १८४३ मध्ये ते जीवघेण्या आजारातून उठले, तेही तिच्याच मध्यस्थीने, असे ते मानत. पोप पायस नववे १८४९ मध्ये स्वतः मुन्यानोला जाऊन आले. पॉलिन जारिको २२ मे २०२२ रोजी लिओन येथे धन्यवादित घोषित झाली आणि व्हियानी तर १९२५ पासून संत आहेत. ज्यांनी तिच्यावर प्रेम केले ते वेदीवर पोहोचले आणि ती स्वतः मात्र पंचांगाबाहेर राहिली. श्रद्धेच्या इतिहासात याहून विलक्षण प्रसंग मला तरी ठाऊक नाही.

पंचांगातून ती गेली कशी, याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तिला काढले असे अनेकजण सांगतात. काहीजण तिला संत ख्रिस्तोफरच्या पंक्तीला बसवतात. दोन्ही चूक. ख्रिस्तोफरचा बदल १९६९ सालचा. फिलोमिनेविषयीची सूचना उपासनाविधी मंडळाने १४ फेब्रुवारी १९६१ रोजी काढली. तेव्हा पोप जॉन तेविसावे होते आणि परिषद सुरू व्हायला दीड वर्षाहून अधिक अवकाश होता. स्थानिक पंचांगांच्या दुरुस्तीविषयीच्या त्या सूचनेत ११ ऑगस्टचा हा सण कोणत्याही पंचांगात ठेवू नये असे म्हटले आहे. ती सूचना पंचांगाविषयी बोलते. मावशीच्या उशाशी असलेल्या चित्राविषयी ती काही बोलत नाही.

सूचनेमागे मुख्यतः एका माणसाचे वाचन उभे होते, आणि आपण पुन्हा त्या तीन फरशांकडे येतो. ओराझियो मारुक्की हे थोर पुरातत्त्वज्ञ दे रॉस्सी यांचे शिष्य. त्यांनी १९०४ मध्ये या फरशांवर एक दीर्घ निबंध लिहिला. ते ना भक्तीचे शत्रू होते, ना ख्रिस्तसभेचे. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, जो शंभर वर्षे कुणी नीट विचारला नव्हता : फरशा चुकीच्या क्रमाने का? खोदणारा निरक्षर होता, घाईत होता, अंधार होता, अशी उत्तरे आधी दिली गेली होती. मारुक्कींनी अक्षरांच्या वळणावरून आणि शब्दांच्या साधेपणावरून लेख दुसऱ्या शतकातील ठरवला, तर थडगे चौथ्या शतकातील, म्हणजे छळ संपल्यानंतरचे. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या थडग्याच्या फरशा नव्या थडग्यासाठी पुन्हा वापरल्या गेल्या आणि हे नाव येथे झोपलेल्या व्यक्तीचे नव्हे हे कळावे म्हणून त्या मुद्दामच उलटसुलट लावल्या. दफनभूमीत अशी जुनी सामग्री वापरण्याचा प्रघात होताच. येशूसंघीय फादर बोनाव्हेनिया यांनी त्यांचा जोरदार प्रतिवाद केला आणि वाद बरीच वर्षे रंगला.

काचेच्या कुपीचाही याच सुमारास निकाल लागला. ताडाची फांदी आणि रक्ताची कुपी या रक्तसाक्षीच्या खात्रीच्या खुणा आहेत, असे रोमच्या मंडळाने १६६८ मध्ये ठरवले होते, आणि १८०२ चे खोदकाम करणारे त्याच नियमाने चालले. त्यांना दोष देता येत नाही. पुढे अशा कुप्या छळानंतरच्या काळातील आणि अगदी लहान मुलांच्याही थडग्यांत सापडल्या. त्या सुगंधी द्रव्याच्या असाव्यात, असे अभ्यासकांचे मत झाले. आपण आजही थडग्यावर फुले वाहतो, तसाच तो कुणाचा तरी शेवटचा जिव्हाळा.

मला मारुक्कींचे वाचन पटते. ते निर्विवाद आहे म्हणून नव्हे. ते मजकुरातील सर्वांत अवघड जागेपासून, म्हणजे चुकलेल्या क्रमापासून सुरू होते. दे लुचियांच्या वाचनात ती चूक दुरुस्त करून विसरून जायची होती. मारुक्कींच्या वाचनात ती चूकच बोलू लागते. चांगल्या टीकेची ही ओळखण आहे, मग ती अभंगाची असो की थडग्याची.

आपल्या देशात या नावाची सर्वांत मोठी खूण म्हैसूरला आहे. महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी १९३३ मध्ये पायाभरणी केलेले, दोन उंच मनोऱ्यांचे ते कॅथीड्रल लोक आजही संत फिलोमिनेचेच म्हणून ओळखतात. खाली तळघरात तिचे अवशेष आहेत आणि मूर्ती आहे. काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो तेव्हा जिना उतरणाऱ्या रांगेत सर्व धर्मांची माणसे होती. त्या रांगेत मारुक्कींचे नाव काढण्याचे धाडस मला झाले नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही.

मावशीला उत्तर देणे मात्र बाकी होते. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो असता एका कागदाचे तीन तुकडे केले, त्यांवर देवनागरीत ती अक्षरे लिहिली आणि तिच्या मांडीवर ठेवली. पहिला तुकडा शेवटी ठेवायला सांगितला. तिने तो ठेवला आणि अक्षर अक्षर लावून वाचले. नावाचा अर्थ 'प्रिय' असा आहे हे तिला ठाऊक नव्हते. ते तिला आवडले. मग मी सांगितले, की विद्वान म्हणतात ते खरे असेल तर तेथे एक नव्हे, दोघी होत्या. एक फिलुमेना, जिला कुणीतरी शांती चिंतिली आणि जिच्या अस्थींचा पत्ता नाही. दुसरी तिच्यानंतर दोनशे वर्षांनी त्या फरशांमागे ठेवलेली मुलगी. आर्सचे फादर ज्या अस्थींच्या अंशापुढे गुडघे टेकीत, त्या या दुसरीच्या.

मावशी बराच वेळ तुकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि या दुसरीचं नाव काय?"

मी म्हटले, तिच्या थडग्यावर ते कुणी लिहिले नव्हते.